परत आलेलं पाकीट

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, माँटगोमेरीतल्या आमच्या क्लिनिकच्या काउंटरखाली एक निळा ट्रे आहे. परत आलेलं टपाल त्यात पडतं. सकाळी फोन सुरू व्हायच्या आधी तो रिकामा करायचा, हे माझं काम. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत त्यात एक पाकीट होतं, पत्त्यावर टपालखात्याची पिवळी पट्टी चिकटवलेली. रिटर्न टू सेंडर. खाली बारीक अक्षरात, दिलेल्या पत्त्यावर पोचवता येत नाही, पुढे पाठवता येत नाही. पट्टी जरा तिरकी बसली होती आणि तिच्या कडेतून बाईंच्या आडनावाची शेवटची दोन अक्षरं डोकावत होती. मी फाइल उघडली. पॅप तपासणीत गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींमध्ये मोठे बदल दिसलेले, एचपीव्ही, म्हणजे या तोंडाच्या कॅन्सरला कारण होणारा विषाणू, पॉझिटिव्ह, पुढची तपासणी लवकरात लवकर करायची. दोनदा फोन लावलेला, नंबर बंद. मग रजिस्टर्ड पत्र, तेच हे. तेव्हा आमच्याकडे नियम असा होता की दोन फोन आणि एक पत्र झालं की कॉम्प्युटरवर एक ओळ टाकायची : 'संपर्काचे प्रयत्न पूर्ण'. मी ती टाकली. पाकीट स्कॅन करून फाइलला जोडलं. दुपारी डबा उघडला. मेथीची भाजी होती, मीठ जरा जास्त पडलं होतं. हे इतकं बारीकसारीक लक्षात आहे, कारण पुढे तो दिवस मी मनात कितीदा तरी उलगडून पाहिला.

चौदा महिन्यांनी त्या बाई स्वतः काउंटरपाशी आल्या. साठीच्या आतबाहेरच्या, उंच, जांभळा कडक इस्त्रीचा ब्लाउज, पर्स पोटाशी दोन्ही हातांनी धरलेली. सोबत लेक. पाळी जाऊन दहा वर्षं झाली आणि आता तीन महिने अंगावरून लाल जातंय, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं, मागच्या खुर्च्यांवरच्या माणसांना ऐकू जाऊ नये म्हणून. मी नाव टाकलं आणि पडद्यावर माझीच ओळ आली. नर्सने आत नेऊन मागच्या रिपोर्टबद्दल विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "बेबी, मला कुणी काही कळवलंच नाही." दार अर्धवट उघडं होतं, मला स्पष्ट ऐकू आलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. घरमालकाने घर विकलं म्हणून त्या लेकीकडे राहायला गेल्या होत्या. पैसे भरून चालवायचा फोन होता, तो बंद पडला तेव्हा नंबरही गेला. नवीन पत्ता त्यांनी बँकेला कळवला, विजेच्या ऑफिसला कळवला, आम्हांला कळवायचं राहिलं. ज्या चर्चमध्ये त्या चाळीस वर्षं दर रविवारी जातात, ते आमच्या क्लिनिकपासून चार चौक लांब आहे.

चार चौक.

त्यांना पुढे बर्मिंगहॅमला पाठवलं. गाठ गर्भाशयाच्या तोंडाबाहेर गेली होती, म्हणजे ऑपरेशन करून प्रश्न मिटणार नव्हता. पाच-सहा आठवडे रोज रेडिएशन, सोबत केमो, मग आतून द्यायचं रेडिएशन. माँटगोमेरीहून बर्मिंगहॅम नव्वद मैल. लेक एका गोदामात कामाला होती, तिला रजा म्हणजे बिनपगारी.

मला हे जास्त का लागलं, ते सांगते. पाच वर्षांपूर्वी माझाही रिपोर्ट असाच आला होता. मी तेव्हा नोकरीत नव्हते, नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या एच-फोर व्हिसावर घरीच होते, नवऱ्याच्या कंपनीचा विमा होता. पहिला फोन मी उचलला नाही, मुलाला शाळेतून आणत होते. दुसरा उचलला नाही, कारण अनोळखी नंबर. तिसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याच्या ऑफिसात फोन केला आणि तो घाबरून घरी आला. बाविसाव्या दिवशी मी तपासणीच्या खुर्चीत होते. डॉक्टरीणबाईंनी व्हिनेगरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा आत लावला, मिनिटभर थांबल्या, आणि म्हणाल्या, बघायचंय का? पडद्यावर गुलाबी, ओलसर, गोल असं काही तरी होतं आणि त्याच्या कडेला दुधावरच्या सायीसारखा एक पांढरा डाग. व्हिनेगरने बिघडलेल्या पेशी पांढऱ्या दिसतात. खोलीत लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास होता. महिनाभरात तारेच्या कड्याने तेवढा भाग काढून टाकला. वीस मिनिटं लागली. संध्याकाळी मी खिचडी खाल्ली आणि झोपले.

आईला बार्शीला फोन करून सांगताना मात्र जीभ रेटेना. विषाणू आहे म्हटलं तर ती विचारणार, कशाने होतो. कशाने होतो हे आईला कसं सांगायचं? मी म्हटलं, जरा जखम होती. ती म्हणाली, "पांढरं जात होतं का? अंगावर काढलंस ना? तुझ्या मावशीसारखंच." मावशीचं पुढे सांगते.

बाई येऊन गेल्या त्याच वर्षी आमच्या मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या पंगती उठल्यावर, दोघीतिघी ताटं आवरत होतो. कामावर काय चाललंय असं कुणी विचारलं आणि मी नाव-गाव न सांगता एवढंच म्हटलं की इथल्या काळ्या बायकांमध्ये हा कॅन्सर फार उशिरा सापडतो. एक जण, एरवी फार चांगली, आजारपणात डबा पोचवणारी बाई, म्हणाली, "अगं, त्यांच्यात संबंधच जास्त असतात. मग होणारच." दुसरी 'हो ना' म्हणाली. मी हातातल्या पातेल्याकडे बघत राहिले. मला म्हणता आलं असतं, की मलाही झालं होतं. मी नाही म्हटलं. एका नवऱ्याच्या संसारात हा विषाणू माझ्यापर्यंत आला होता, आणि ते उघड केलं तर माझ्याबद्दल, नवऱ्याबद्दल काय बोललं जाईल, या भीतीने मी गप्प बसले. आणि गप्प बसून त्या बाईंवरचा आरोप तसाच राहू दिला. घरी येताना गाडीत मागच्या सीटवर प्रसादाचा डबा हिंदकळत होता आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

कारण ते खोटं आहे. एचपीव्ही हा सर्दीसारखा सगळ्यांना गाठणारा विषाणू आहे. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होतो आणि बहुतेकांच्या अंगातून दोन वर्षांत आपणहून जातो. थोड्यांच्यात तो ठाण मांडतो, आणि त्यांतल्या थोड्यांच्यात दहा-पंधरा वर्षांनी कॅन्सर होतो. ती दहा-पंधरा वर्षं म्हणजे केवढा अवधी! एवढा वेळ देणारे कॅन्सर फार नाहीत. त्या वेळात कुणी बघितलं, कळवलं, वीस मिनिटांचा उपचार केला, की संपलं. म्हणून अमेरिकेत ज्या बाया यातून जातात, त्यांच्याबाबत विषाणू कुणाला झाला यापेक्षा मधल्या वर्षांत कुणाचा हात कुणी धरला, हेच मला महत्त्वाचं वाटतं. पाहण्या सांगतात की पॅप तपासणी इथल्या काळ्या बायका साधारण गोऱ्या बायकांइतकीच करून घेतात. त्या येतात, पाय त्या थंड कड्यांत अडकवून घेतात, आपला वाटा उचलतात. त्यानंतर धागा तुटतो. रिपोर्ट पोचत नाही, पोचला तर तारीख मिळत नाही, तारीख मिळाली तर गाडी नसते, गाठ सापडली तर त्याच स्टेजला आतून द्यायचं रेडिएशन मिळण्याचं प्रमाणही त्यांच्यात कमी. २०१८ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेची माणसं आमच्या अलाबामाच्या खेड्यांतून फिरली होती. काळ्या बायकांचं या कॅन्सरने मरण्याचं प्रमाण इथे गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आहे, असं त्यांनी मांडलं. ज्या पट्ट्यात ही माणसं फिरली त्याला ब्लॅक बेल्ट म्हणतात. मी आले तेव्हा मला वाटलं, माणसांच्या रंगावरून नाव पडलं असेल. पण नाव आधी मातीचं आहे. काळी, कसदार, कापसाची जमीन. सेल्माच्या रस्त्याला पहिल्यांदा पाऊस पडून गेल्यावर गाडीतून उतरले आणि चपलेला चिखल चिकटला, तेव्हा बार्शीच्या काळ्या रानाचीच आठवण झाली. या मातीसाठी गुलाम आणले गेले, आणि ज्यांना कुठे जाता आलं नाही त्यांची नातवंडं-पतवंडं अजून तिथेच आहेत. दवाखाने मात्र एकेक करून बंद होत गेले. राज्याने मेडिकेडची, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्याची, व्याप्ती वाढवली नाही, त्यामुळे राबून गरीब राहिलेल्या बाईला विमा असेलच असं नाही.

आकडेही कसे लपतात, ते मला या नोकरीत कळलं. कित्येक वर्षं अमेरिकेत मानलं जायचं की काळ्या बायकांमध्ये या कॅन्सरने दर लाखामागे ५.७ मृत्यू होतात आणि गोऱ्यांमध्ये ३.२. मग २०१७ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या ॲना बीव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. ज्या बायकांची गर्भपिशवी काढलेली आहे, त्यांना हिशेबातून वगळलं. पिशवीचं तोंडच नाही तर त्याचा कॅन्सर कुठून होणार? आमच्याकडच्या माणसाला सांगायचं तर, गावातल्या किती विहिरी आटल्या हे मोजताना बुजवलेल्या विहिरीही धरल्या होत्या, म्हणून आटण्याचं प्रमाण कमी दिसत होतं. बुजवलेल्या वगळल्यावर काळ्या बायकांचा आकडा १०.१ वर गेला, गोऱ्यांचा ४.७ वर. दोन्ही वाढले, पण दरी किती रुंदावली बघा. रुंदावली, कारण काळ्या बायकांच्या पिशव्या काढण्याचं प्रमाण जास्त. पिशवीतल्या साध्या, कॅन्सर नसलेल्या गाठींचा त्रास त्यांना अधिक होतो हे एक कारण, आणि पिशवी काढून टाकणं हाच सोपा इलाज म्हणून त्यांच्यापुढे ठेवला जातो, हे दुसरं. हे वाचताना मला मावशीची जाऊ आठवली. बीडच्या बाजूची, ऊसतोडीला जाणारी. पस्तिशीच्या आत तिची पिशवी काढली. "कॅन्सर होईल म्हणाले डॉक्टर, मग कशाला ठेवायची?" असं ती भाकरी थापता थापता सांगायची, जणू दुखरी दाढ काढल्यासारखं. २०१९ च्या सुमाराला बीडमधल्या ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली. ८२ हजारांवर बायकांत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कुणाची भीती कुणाच्या धंद्याला उपयोगी पडली, ते तिथल्या बायका जाणतात.

शरीरच वेगळं आहे, हेही एक उत्तर दिलं जातं. त्यात तथ्याचा एक अंश आहे, म्हणून ते जपून बोललं पाहिजे. नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं होतं की पेशींत सुरुवातीचे बदल असलेल्या काळ्या बायकांमध्ये एचपीव्हीचे १६ आणि १८ हे कुप्रसिद्ध प्रकार गोऱ्यांच्या साधारण निम्म्या प्रमाणात सापडतात, आणि ३३, ३५, ५८, ६८ असे दुसरे जास्त. हे ऐकून मी दचकले, कारण पहिल्या लशी प्रामुख्याने १६ आणि १८ वर बेतलेल्या होत्या. २०१४ च्या नऊ प्रकारांच्या लशीत ३३ आणि ५८ आले, पण ३५ आजही नाही. आफ्रिकेतल्या बायकांच्या गाठींत तो ३५ जगाच्या मानाने बराच जास्त सापडतो. लस घ्यावीच, माझ्या मुलाला मी दिली, मुलांनाही देतात. पण लस बेतताना आधी कुणाच्या अंगातले विषाणू डोळ्यांसमोर होते, हा प्रश्न मनातून जात नाही. आणि तरीही, विषाणूचा नंबर कुठलाही असो, त्याला बहुधा वर्षानुवर्षं लागतात. बाईंच्या पाकिटातल्या कागदावर प्रकार कोणता हे लिहिलं होतं. कागदच पोचला नाही.

माँटगोमेरीत राहून या विषयाचं एक टोक सतत पायाखाली येतं. राज्याच्या विधानभवनाच्या आवारात मॅरियन सिम्स या डॉक्टरचा पुतळा आहे. १८४५ ते १८४९ या काळात याच शहरात त्याने गुलाम बायकांवर ऑपरेशनं केली, बाळंतपणात फाटून लघवी गळत राहायची त्या दुखण्यावर. भूल न देता. अनार्का नावाच्या मुलीवर तीसच्या आसपास वेळा. आत बघायला साधन नव्हतं म्हणून त्याने चमच्याची दांडी वाकवली, आणि त्यातून पुढे घडलं ते हत्यार आजही त्याच्या नावाने ओळखलं जातं. माझी शाळेतली मैत्रीण बार्शीला नर्स आहे. तिला फोनवर विचारलं, तुमच्याकडे सिम्स स्पेक्युलम असतो का? ती म्हणाली, "म्हणजे काय, रोज उकळून काढते, दोन्ही बाजूंनी बदकाच्या चोचीसारखा." तो कुठून आला ते तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा बराच वेळ लाइनवर फक्त पंख्याचा आवाज येत राहिला.

गावाच्या दुसऱ्या बाजूला मिशेल ब्राउडर या चित्रकर्तीने २०२१ मध्ये त्या गुलाम बायकांपैकी तिघींचे पुतळे उभारले, अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी. भंगारातलं लोखंड जोडून केलेले. मी एका शनिवारी एकटीच गेले. ऊन तापलेलं, लोखंडाला हात लावला तर चटका बसत होता. अनार्काच्या पोटात पिशवीच्या जागी पोकळी आणि त्या पोकळीत एक लाल गुलाब. पिशवी बाजूला वेगळी ठेवलेली, तिच्यात काचा, सुया, कात्र्या. मी फार वेळ उभी राहू शकले नाही. शेजारी एक आजी नातीला घेऊन आल्या होत्या. नात विचारत होती, हिला दुखतंय का? आजी म्हणाल्या, "दुखत होतं."

याच शहरात १९७३ मध्ये रेल्फ घराण्यातल्या दोन बहिणींची, एक बारा वर्षांची आणि एक चौदा, मूल न होण्याची शस्त्रक्रिया करून टाकली. आईला वाचता येत नव्हतं. तिला वाटलं, इंजेक्शन देणार आहेत. तिने कागदावर फुली मारली. आमच्याकडे अंगठा, इथे फुली. त्यावरून खटला झाला आणि तेव्हा उघड झालं की केंद्र सरकारच्या पैशाने वर्षाला एक ते दीड लाख गरिबांची अशी शस्त्रक्रिया होत होती. माझ्या काउंटरवर येणाऱ्या साठीच्या बाया त्या वेळी शाळकरी मुली होत्या, त्याच वस्त्यांतल्या. फॉर्म पुढे केल्यावर त्या लेकीला म्हणतात, नीट वाच, सगळं वाच. मला आधी वाटायचं, मागे रांग खोळंबलीय, किती वेळ लावतात. आता मी पेन बाजूला ठेवते आणि त्यांचं वाचून होईपर्यंत थांबते. चाळीस मैलांवर टस्कीगी आहे. तिथे सिफिलिस झालेल्या काळ्या पुरुषांना चाळीस वर्षं उपचाराविना ठेवून नुसतं पाहत राहिले. आणि त्याच टस्कीगीच्या विद्यापीठात, त्याच काळात, हेन्रिएटा लॅक्स या काळ्या बाईच्या, तिला न विचारता घेतलेल्या पेशी पोलिओच्या लशीच्या चाचणीसाठी वाढवल्या जात होत्या. त्या बाईलाही हाच कॅन्सर. १९५१ साली ती गेली. पुढे तिच्या पेशींत १८ नंबरचा एचपीव्ही सापडला, आणि त्या शोधांच्या वाटेवर आजच्या लशी उभ्या राहिल्या. तिच्या मुलांना कित्येक वर्षं कुणी काही कळवलंच नव्हतं.

आता मावशी. माझी मावशी परंड्याकडच्या एका गावात दिलेली. त्या वेळी जिल्हा उस्मानाबादच होता. २००१ च्या आसपासची गोष्ट, मी नववीत होते आणि सुट्टीत तिच्याकडे गेले होते. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलची जीप आली. ताई म्हणायचे सगळे त्या मुलींना, खांद्याला पिशव्या, हातात जाड वही. तीस ते साठ वयाच्या बायकांना पिशवीच्या तोंडाची तपासणी सांगत होत्या. बाया आधी हसल्या, मग पदर तोंडावर घेतला, मग सासूंनी नाकं मुरडली. मावशी गेली, कारण तिला पांढरं जायचं आणि ती ते वर्षानुवर्षं अंगावर काढत होती. काही आठवड्यांनी एक ताई रिपोर्ट घेऊन आली, तेव्हा मावशी घरी नव्हती. रानात वस्तीवर होती, ज्वारीची राखण चालू होती. घराला नंबर नाही, वस्तीला नाव नाही. ताई परत गेली. दोन दिवसांनी पुन्हा आली आणि म्हणाली, वस्ती दाखवा. मला सोबत घेतलं. ढेकळांतून चालत आम्ही गेलो, तिच्या चपलेचा अंगठा तुटला, ती चप्पल हातात घेऊन चालत राहिली. मावशी माचाणावरून ओरडली, "कोण गं?" ताई खाली बसली, पाणी प्यायली आणि मग हळूच सांगितलं, की घाबरायचं नाही, पण बार्शीला यावं लागेल, जीप घेऊन आम्हीच येतो. त्या जीपमधून मावशी गेली, पिशवीच्या तोंडाला गार मशीन लावून आली, आणि आज सत्तरीत आहे, गुडघ्यांची कुरकुर सोडली तर धडधाकट.

मोठी झाल्यावर मला कळलं की ती जीप एका फार मोठ्या अभ्यासाची होती. ५२ गावगट, १ लाख ३१ हजारांवर बायका. एका गटात एचपीव्हीची तपासणी, एका गटात पॅप, एका गटात नुसतं व्हिनेगर लावून बघणं, आणि एका गटात यांतलं काहीच नाही, फक्त माहिती. २००९ मध्ये निष्कर्ष आले : आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी झाली तरी या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटतात. तपासणी न झालेल्या गटात ६४ बाया गेल्या, एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४. आज अमेरिकेत पॅपऐवजी एचपीव्ही तपासणीवर भर दिला जातो, त्यामागच्या पुराव्यात परंडा-भूमच्या बायांचा वाटा आहे. अभिमान वाटतो, आणि त्याच वेळी पोटात कालवतं. माझी आत्या दुसऱ्या गावात होती. तिच्या गावात जीप आली, वही आली, माहिती सांगितली, तपासणी नाही. त्या चौथ्या गटातल्या ३१ हजारांवर बायांनी न तपासलेलं राहून आपल्याला हा आकडा दिला. तसं करणं योग्य होतं का, यावर नंतर डॉक्टरांमध्ये वादही झाले. आत्याला काही झालं नाही. कुणाला तरी झालं. त्या ६४ जणी कुणाच्या तरी मावश्या-आत्याच होत्या.

पण ती हातातली चप्पल माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पत्ता नसलेल्या रानात एका मुलीने एका बाईला शोधून काढलं होतं, आणि पिन कोड, नकाशे, दोन फोन, रजिस्टर्ड पत्र असताना मला चार चौकांवरची बाई सापडली नाही. मी शोधलंच नव्हतं. माझ्याकडून नियमाप्रमाणे सगळं झालं होतं.

अलाबामाने २०२३ मध्ये जाहीर केलंय की २०३३ पर्यंत हा कॅन्सर राज्यातून हद्दपार करायचा. अमेरिकेत असा आराखडा करणारं हे पहिलं राज्य. मनापासून वाटतं, व्हावं. आता बाईने स्वतःच नमुना घ्यायची सोयही आली आहे. २०२४ मध्ये दवाखान्यात, २०२५ मध्ये घरी घ्यायलाही परवानगी मिळाली. कड्यांत पाय नाहीत, परका हात नाही, स्पेक्युलम नाही. ज्या शहरात तो घडला तिथल्या बायांना त्याविना तपासणी करता येईल, याचा मला फार आनंद झाला. मात्र घरचा संच पोस्टाने जातो. नमुना पोस्टाने येतो. रिपोर्ट पुन्हा कुठे तरी, कुणाला तरी कळवायचा असतो. निळा ट्रे आहे तिथेच आहे.

आमच्याकडचा नियम आता थोडा बदलला आहे. मी आणि आमची नर्स महिनाभर मागे लागलो तेव्हा. फॉर्मवर एक ओळ वाढली : तुम्ही सापडला नाहीत तर कुणाला विचारायचं? बाया तिथे शेजारणीचं नाव लिहितात, सुनेचं, केस विंचरणाऱ्या सलूनचं, चर्चचं. परत आलेल्या पाकिटामागे मी आता त्या नावापाशी जाते. तपासणीबद्दल अवाक्षर काढायचं नाही, एवढंच म्हणायचं की बाईंना आमच्याकडे फोन करायला सांगा. दर वेळी जमतं असं नाही. गेल्या महिन्यात एका पाकिटापायी अकरा फोन झाले आणि बाई मिळाल्या नाहीत. ते पाकीट मी अजून बंद केलेलं नाही.

त्या बाई मागच्या आठवड्यात आल्या होत्या. उपचार संपून आठ महिने झाले, अंगाने निम्म्या झाल्यात, जांभळा ब्लाउज खांद्यावरून उतरतो. पुढच्या स्कॅनची तारीख लावायची होती. मी विचारलं, पत्ता तोच का? "लेकीकडेच, बेबी." मी घराचा नंबर वाचला, रस्ता वाचला, पिन कोडचा एकेक आकडा वाचला. त्या प्रत्येक आकड्याला मान हलवत होत्या. मग चष्मा काढून त्या काउंटरवर वाकल्या आणि म्हणाल्या, पडदा इकडे वळव, मला बघू दे. मी वळवला. पत्त्याच्या खाली, दोन वर्षांपूर्वीच्या तारखेपुढे, ती ओळ तशीच होती. आमच्या सिस्टिममध्ये नोंद पुसता येत नाही, फक्त खाली नवी घालता येते. त्यांनी ती वाचली. बराच वेळ वाचली. मग त्यांनी विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, माझ्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे पाहिलं, आणि माझं नाव अक्षर अक्षर जुळवत वाचायला लागल्या. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं.